बावटा उतरेपर्यंत

रामटेकच्या माणसाला पाणी म्हणजे अंबाळा, खिंडसी आणि पेंचचा कालवा. अंबाळ्याला घाट आणि देवळं. खिंडसी इंग्रजांच्या काळात सूर नदी अडवून झालेली. रविवारी नागपूरची मंडळी तिथे नावेत बसायला येतात. कालवा मात्र आमच्या घरचाच, कारण ह्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पाणी सोडायचं तर आदेश, बंद करायचं तर आदेश, आणि मधल्या वेळात पट्टीवरची पातळी वहीत उतरवायची. माझा पाण्याशी संबंध आणखीच कोरडा. मी शाळेत भूगोल शिकवला. अरबी समुद्र निळ्या खडूने फळ्यावर काढला, खारे वारे आणि मतलई वारे बाणांनी दाखवले, उधाणाची भरती आणि भांगाची भरती पोरांकडून पाठ करून घेतली. खरा समुद्र पाहिला तो चौपाटीवर, लग्नाच्या खरेदीला मुंबईला गेले होते तेव्हा.

हे निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, दिवाळीला मुलं घरी येणार नव्हती. मीच म्हटलं, किनाऱ्याकिनाऱ्याने बोटीने जाऊ.

"कुठवर?"

"जाता येईल तिथवर."

"परतीचं रिझर्वेशन?"

"ते नाही काढायचं." त्रिपुरी पौर्णिमेला गडावर यात्रा भरते, पाहुणे येतात, तेवढ्याआधी घरी पोचायचं एवढीच अट. ह्यांना हे मुळीच पटलं नाही. पण निवृत्त माणसाला हरकत घ्यायला कारणंही कमी उरतात.

किनाऱ्याने बोटीने जाणं एके काळी साधी गोष्ट होती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत दक्षिणेला जायची. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा तो काळ. बऱ्याच ठिकाणी बोट आत येतच नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, करंड्या, लेकुरवाळ्या बायका हलत्या पडावात उतरवल्या जायच्या. पुढे कोकण सेवक, कोकण शक्ती या बोटी आल्या, मग घाटातले रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. बंदरं घेत जाणाऱ्या त्या बोटी आता कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच उरल्या आहेत. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई ते गोवा 'आंग्रिया' नावाची क्रूझ सुरू झाली होती. भाचीने मोबाइलवर तिचे फोटो दाखवले. त्यात डेकवरचा पोहण्याचा तलाव पाहून हे म्हणाले, "समुद्रात जाऊन टाक्यात काहून पोहायचं?" दर पाहिल्यावर माझंही तेच मत झालं.

उरल्या फेरीबोटी. कोकणचा किनारा खाड्यांनी जागोजागी कापलेला आहे, आणि मोठ्या खाड्यांवर अजून पूल नाहीत. तिथे सपाट तळाच्या बोटी चालतात. पुढची लोखंडी फळी धक्क्यावर पडते, मोटारी, दुचाक्या, माणसं आत जातात, फळी उचलली जाते आणि पाण्याचा रस्ता सुरू होतो. त्या बोटीला पुष्कळ ठिकाणी लोक 'जंगल जेटी' म्हणतात. मुंबईहून मांडवा लाँचने, पुढे आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड असे टप्पे जोडले आणि मधल्या जमिनीवर एसटी घेतली, की रत्नागिरीपर्यंत पोचता येतं. हा काही सलग जलप्रवास नव्हे. पण समुद्राची मर्जी सांभाळायला तो पुरेसा आहे, हे आम्हाला लवकरच कळलं.

२१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान करून, बोटाची शाई ओली असतानाच आम्ही नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस धरली. त्या साली पाऊस परतायला तयार नव्हता. आमच्याकडे कापलेलं सोयाबीन शेतात भिजत होतं आणि मुंबईतही गेटवेवर आभाळ भरलेलंच होतं. लाँच सुटली. हे रेलिंगला धरून पाण्याकडे असे बघत होते, की कुठेतरी पातळी वाचायची पट्टी दिसेल.

याच बाजूच्या पाण्यात, रेवसच्या वाटेवर, काशाच्या खडकाजवळ १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली, गटारी अमावास्येचा सण धरून गावी जाणाऱ्या माणसांनी भरलेली. ६०० हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईला बातमी लागली ती पोहून किनारा गाठलेल्या माणसांकडून, दुपार उलटून गेल्यावर. आजही मेच्या अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत गेटवे–मांडवा लाँच बंद असतात. लाँचवर चिप्सची पाकिटं फुटत होती, कोणी गाणी लावली होती. तासाभराच्या त्या पाण्यात एवढं काही घडून गेलंय, याची कोणाला आठवण असावी असं दिसलं नाही. असायलाच हवी असंही नाही. पण मांडव्याला पाय टेकल्यावर मला बरं वाटलं.

पहिली अडवणूक राजपुरीला झाली. मतमोजणीचा दिवस होता. धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीत सगळे टीव्हीसमोर आणि शिडाच्या होड्या धक्क्याला बांधलेल्या. समोर जंजिरा हाकेच्या अंतरावर वाटतो. मराठ्यांनी वारंवार वेढा घालूनही न पडलेला सिद्दीचा किल्ला, आणि आम्हाला तिकीटसुद्धा मिळेना. हे थेट होडीवाल्याकडे गेले.

"बंद ठेवायचा आदेश कोणाचा आहे जी?"

होडीवाल्याने यांच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे बोट केलं. "त्याचा."

मग त्याने नीट सांगितलं. वाऱ्यात होडी हाकणं त्यांना जड नाही. शीड आवळायचं, वळसा मारून जायचं, हे त्यांचं रोजचंच. अडचण किल्ल्याच्या दाराशी आहे. जंजिऱ्याचा महादरवाजा थेट पाण्यावर उघडतो. होडी पायऱ्यांशी लागते आणि लाटेसरशी वरखाली होते. वर आली, की त्या क्षणात माणसाला हात धरून पायरीवर घ्यायचं. लाट हातभर असेल तर जमतं. पुरुषभर झाली तर माणसाचा पाय होडी आणि दगड यांच्यामध्ये सापडतो. "काकू, तुम्हाला नेईन मी. उतरवणार कसा?"

ह्या उत्तरावर पाटबंधारे खातं निरुत्तर झालं. आम्ही टपरीत बसून निकाल पाहिले. संध्याकाळी बातम्यांत राजकारणाच्या खाली एक पट्टी सरकत होती: अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र. दुसऱ्या दिवशी त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला 'क्यार' हे म्यानमारने सुचवलेलं नाव मिळालं.

दिघीकडची फेरी त्या सकाळी पावसाची एक सर ओसरण्याची वाट बघून सुटली. बागमांडल्याला मात्र बराच खोळंबा झाला. सावित्रीचं पाणी तिथे समुद्राला मिळतं. पलीकडे बाणकोटचा किल्ला आणि वेसवीचा धक्का दिसत होता आणि मधली खाडी तपकिरी होऊन उसळत होती. धक्क्यावर आमच्यासोबत एक नवरीकडची जीप, दिवाळीला माहेरी निघालेल्या दोघी-तिघी आणि कंदील जपून धरलेला एक मुलगा. कोणी घड्याळ पाहत नव्हतं. पाहत होतो ते आम्हीच. मुंबईची एक मोटार मात्र वळून आंबेतच्या पुलाकडे निघून गेली. खाडीवर पूल नसेल तर समोरच्या गावाला जायला केवढा वळसा पडतो, हे तेव्हा कळलं.

अंधारता अंधारता आम्ही आंजर्ल्याच्या पुलावर पोचलो आणि तिथे रिक्षा आपणहून थांबवली. जोग नदीच्या मुखातून मासेमारी नौका आत येत होत्या, एकीमागून एक. हर्णैचं बंदर उघडं आहे, वादळात तिथे नांगर टिकत नाही. म्हणून वारा उठला, की हर्णैच्या नौका शेजारच्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला येतात. पण खाडीचं तोंड वाळूने भरलेलं. ओहोटीत शिरायला गेलं तर नौका तळाला लागते आणि मागची लाट तिला आडवी करते. तेव्हा भरतीची वेळ गाठून, लाटांमधली उसंत हेरून घुसायचं. तोंडाशी येऊन एक नौका घुटमळली. तांडेलाने दोन लाटा जाऊ दिल्या. मग इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि ती आत शिरली. पुलावर उभ्या असलेल्या बायांपैकी कोणी ओरडलं नाही, टाळ्या नाहीत. नौका नजरेने मोजणं चालू होतं, तेवढंच. "आमची यायचीय," एवढं एकीने मला सांगितलं आणि परत मुखाकडे पाहू लागली.

तिची आली. मग तीच आम्हाला म्हणाली, "वहिनी, पावसात उभ्या काय राहताय?"

हर्णैला आम्ही ज्या घरगुती निवासात उतरलो तिथे मग मुक्कामच पडला. "बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय," घरधन्याने सांगितलं. म्हणायला बावटा, दिवसा लावतात ते काळे शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. एक ते अकरा असे हे इशारे आहेत. एक-दोन नंबर लांबच्या समुद्रातल्या वादळाचे; तीन म्हणजे वादळी वारा खुद्द बंदराला त्रास देणार; वर जावं तसं संकट जवळ. अकरा नंबर म्हणजे हवामान खात्याशी बंदराचा संपर्कच तुटला. हे सगळं यांनी वहीत लिहून घेतलं. मला वाटतं, प्रवासात पहिल्यांदा त्यांचा जीव रमला तो त्या तक्त्यात. इथेही खातं होतं, इशारे होते, पायऱ्या होत्या. फरक इतकाच, की आमच्या खात्याचा आदेश पाण्याला असतो आणि बंदराचा माणसांना.

क्यार किनाऱ्याला धडकलं नाही. रत्नागिरीच्या दिशेने सरकत आलं, मग भर समुद्रात पश्चिमेला वळलं आणि ओमानकडे निघालं. जाता जाता ते महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात एवढं मोठं वादळ २००७ च्या गोनूनंतर हेच. ते दूर चाललं होतं, पण त्याने ढकललेल्या लाटा आमच्याकडे येत होत्या, आणि वर अमावास्या. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, भरती उंच चढते, हे मी कितीदा फळ्यावर काढलं असेल. ते उधाण आणि वादळाची लाट एकत्र आली, की काय होतं ते कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. पाणी वाळू ओलांडून माडांच्या बुंध्यांशी येत होतं. रोज दुपारनंतर हर्णैच्या वाळूत मासळीचा लिलाव भरतो. नौका पाण्यात उभ्या असतात आणि बैलगाड्या लाटांत शिरून मासळी आणतात. तो किनारा रिकामा होता. बैल गोठ्यात, गाड्या उताण्या, आणि सुवर्णदुर्ग पावसाच्या पडद्यामागे कधी दिसे, कधी नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा तो आधार. तिथवर नेणाऱ्या होड्यांबद्दल विचारायचंही आम्ही सोडून दिलं होतं.

त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं. पहाटे घरधनिणीने आम्हालाही उठवलं. तुळशीपाशी कारीट ठेवलेलं, ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं. मग पोह्यांचे प्रकार: दूधपोहे, दहीपोहे, गुळाचे पोहे, तिखट पोहे. ह्यांनी एकेक चाखून पाहिले आणि विचारलं, "तर्री नाही का?" घरात कोणाला तर्री म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी ते समजावून सांगितलं. नागपूरकडे पोह्यांवर तिखटजाळ रस्सा ओततात, हे ऐकून सासूबाईंनी, म्हणजे घरधनिणीच्या सासूबाईंनी, "पहाटे?" एवढंच विचारलं.

त्या घरी शेजारचे एक निवृत्त गुरुजी दिवाळीला आले. रामटेक म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे रामगिरी! यक्षाचा! अहो, तुमच्याकडचा मेघ तो आमच्याच समुद्रातून जातो." वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असं सांगितलं, तेव्हापासून आम्हा रामटेककरांना कुठेही गेलं तरी या यक्षाची ओळख द्यावी लागते. गडावर कालिदासाचं स्मारक आहे, गावात त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. पण गुरुजींना भूगोलाच्या बाईंनी नाइलाजाने सांगितलं, की विदर्भाला मुख्य पाऊस देतात ती बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकत येणारी कमी दाबाची क्षेत्रं. अरबी समुद्राचे ढग बरंचसं पाणी सह्याद्रीवरच रितं करतात. गुरुजी हिरमुसले. हे मला नंतर म्हणाले, "दिवाळीच्या दिवशी कशाला?" मला वाटतं, यक्षाने तरी ढगाला कुठून आलास ते विचारलं नव्हतं, त्याला पुढचा रस्ता सांगायचा होता.

अडकून पडल्यावर पाहायला मिळतं ते प्रवासात पळताना दिसत नाही, असं म्हणायची एक पद्धत आहे. ते मला तितकंसं खरं वाटत नाही. हर्णैला आम्हाला कंटाळाही पुष्कळ आला. कपडे वाळेनात, वीज जाई, ह्यांचं गुडघ्याचं औषध संपत आलं. पण एक गोष्ट तिथेच नीट लक्षात आली. इतके दिवस माझी समजूत होती, की दर्यावर्दी माणूस म्हणजे लाटांना न भिणारा. इथले लोक लाटांना उघडपणे भितात, आणि भीती वाटली की घरी बसतात. नुकसान होतं. ऑगस्टपासून चार महिने चांगला हंगाम, त्यातला ऑक्टोबर असा गेला तर डिझेलचं कर्जही फिटत नाही, हे घरधनी सांगत होता. त्याचा भाऊ तांडेल. तो रोज सकाळी खळ्यात येऊन उभा राही, वारा बघे, मोबाइलवर हवामान खात्याचा निरोप वाची आणि आत जाऊन पुन्हा जाळं विणायला बसे. मी विचारलं, "तुमच्या अंदाजात आणि खात्याच्या अंदाजात फरक पडला तर?" तो म्हणाला, "जो थांब म्हणेल त्याचं ऐकायचं."

बावटा उतरला आणि आम्ही दाभोळला निघालो. वाशिष्ठीच्या खाडीवरची दाभोळ–धोपावे फेरी २००३ पासून चालते. या प्रवासातलं ते सर्वांत देखणं पाणी. ऊन पडलं होतं. एका बाजूला दाभोळची जुनी शाही मशीद, आदिलशाही काळातली. दुसऱ्या बाजूला, अंजनवेलकडे, एन्रॉनच्या नावाने गाजलेल्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या. मधोमध आमची बोट आणि तिच्यावर एक एसटी, दोन ट्रक, शाळेची पोरं. पाणी पार होईपर्यंत ह्यांनी एकदाही वही काढली नाही.

तवसाळला पुन्हा थांबलो, कारण क्यार संपतंय तोवर 'महा' नावाचं दुसरं वादळ लक्षद्वीपच्या बाजूने उठलं होतं. शास्त्री नदीची खाडी मुखाशी रुंद आहे. जयगडच्या बाजूला आसऱ्याला आलेल्या नौकांची गर्दी दिसत होती, त्यांत गुजराती अक्षरं रंगवलेल्याही पुष्कळ. धक्क्यावरच्या माणसाने सांगितलं, वारा पडेल तशी सोडू. हे फळकुटावर बसले, चप्पल काढून पाय पसरले आणि डबा उघडला. आदेश कोणाचा, ते विचारलं नाही.

रत्नागिरीहून रेल्वेने मुंबई आणि तिथून नागपूर. त्रिपुरीच्या आत घरी पोचलो.

पुढच्या वर्षी, ३ जून २०२० ला, 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. ते वळलं नाही. दिवेआगर, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या माड-पोफळीच्या वाड्या झोपल्या, घरांवरचे पत्रे उडाले. हर्णैचा फोन बऱ्याच दिवसांनी लागला. माणसं, नौका ठीक होती. तेव्हा मासेमारीची बंदी सुरू झालेली, नौका आधीच ओढून वर घेतलेल्या. पोफळी मात्र गेल्या. लावलेली सुपारी धरायला सात-आठ वर्षं लागतात, असं घरधनीण म्हणाली आणि मग तिने ह्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.

आता रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर मोठे पूल बांधायचं सरकारने ठरवलं आहे. ते व्हायला हवेत. बागमांडल्याच्या धक्क्यावर बाळंतिणीला घेऊन वाऱ्याची वाट बघायची वेळ कोणावर येऊ नये. पण पूल झाले, की फेरीबोटी फार दिवस टिकणार नाहीत, हेही उघड आहे. ज्यांना किनाऱ्याने पाण्यावरून जायचंय त्यांनी तोवर जाऊन यावं. दसरा उलटल्यावर निघा, बोटीची वेळ धक्क्यावर जाऊनच विचारा, गुडघ्याचं औषध जास्तीचं घ्या, आणि परतीचं रिझर्वेशन रत्नागिरीला पोचल्यावर करा.